आडनावावरचा आरोप

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागानं सिटीबँकेविरुद्ध एक आदेश काढला. २०१५ ते २०२१ या काळात क्रेडिट कार्डासाठी आलेले कित्येक अर्ज बँकेनं केवळ अर्जदार आर्मेनियन दिसतो म्हणून नाकारले होते किंवा जादा छाननीत अडकवले होते. आर्मेनियन कोण, हे ओळखण्याची रीत सोपी होती. आडनावाच्या शेवटी ‘यन’ किंवा ‘यान’ आहे का ते पाहायचं आणि पत्ता लॉस एंजेलिसला लागून असलेल्या ग्लेन्डेल शहराचा आहे का ते तपासायचं. दोन्ही जुळलं की अर्जदारावर संशय ठरलेला. या सगळ्याबद्दल लेखी काही मांडू नका, ध्वनिमुद्रण होणाऱ्या फोनवर बोलू नका, अशी ताकीद वरिष्ठांनी कर्मचाऱ्यांना दिली होती. अर्जदाराला खोटं कारण कळवलं जाई. नकारासाठी कोणतं कारण लावू, असं एका कर्मचाऱ्यानं सहकाऱ्यांना विचारल्याची नोंदही आदेशात आहे. बँकेला एकूण २ कोटी ५९ लाख डॉलर भरावे लागले. त्यातले १४ लाख ग्राहकांची भरपाई म्हणून, बाकीचा दंड. बँकेनं दिलगिरी व्यक्त केली, पण सोबत एक खुलासाही जोडला: कॅलिफोर्नियाच्या काही भागांत आर्मेनियनांच्या फसवणूक करणाऱ्या टोळ्या आहेत हे सर्वज्ञात आहे, त्यांना आळा घालण्याच्या प्रयत्नात काही कर्मचाऱ्यांचं पाऊल चुकीचं पडलं.

दंडाच्या रकमेपेक्षा हा खुलासा महत्त्वाचा आहे, कारण कुठल्याही समाजाबद्दलच्या पूर्वग्रहाचं सर्वांत सभ्य समर्थन असंच केलं जातं. आगीशिवाय धूर निघत नाही, लोक उगाच बोलत नाहीत, थोडंफार तथ्य असणारच. आर्मेनियन स्थलांतरितांच्या बाबतीत हे समर्थन तपासून पाहता येतं, कारण कॅलिफोर्नियात त्यांचा सुमारे १४० वर्षांचा इतिहास उपलब्ध आहे आणि त्यात निदान दोन वेळा कोणीतरी आरोप आणि नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. दोन्ही वेळा आरोप उघडा पडला. माझं म्हणणं असं आहे, की आर्मेनियन माणसाबद्दलची प्रतिमा त्याच्या वागण्यातून तयार झालेली नाही. त्या त्या काळी यजमान समाजात ज्या गोष्टीवरून चढाओढ चालू होती, मग ती जमीन असो, घर असो, शाळा असो की मतं, तिच्यातून ती प्रतिमा घडत गेली. म्हणूनच ती दर पिढीला बदलते, अनेकदा आधीच्या प्रतिमेच्या अगदी उलट होते, आणि तरीही प्रत्येक पिढीला ती अनुभवसिद्ध वाटते.

सुरुवात फ्रेझ्नोपासून करावी लागते. मध्य कॅलिफोर्नियातल्या या द्राक्षांच्या मुलखात पहिली आर्मेनियन कुटुंबं १८८१ च्या सुमारास आली. ऑटोमन साम्राज्यात १८९४ ते १८९६ दरम्यान झालेल्या कत्तलींनंतर ओघ वाढला आणि १९१५ च्या वंशसंहारानंतर, ज्यात १५ लाखांपर्यंत आर्मेनियन मारले गेले असं मानलं जातं, वाचलेले निर्वासित आले. तेव्हा अमेरिकाभर चर्चमधून आणि शाळांमधून ‘उपाशी आर्मेनियनां’साठी वर्गणी गोळा होत होती. जेवताना ताटात अन्न टाकणाऱ्या मुलांना आया याच उपाशी आर्मेनियनांची आठवण करून देत. दूर सीरियाच्या वाळवंटातल्या आर्मेनियनाबद्दल अशी कणव होती. फ्रेझ्नोत बेदाण्यांची बाग विकत घेणाऱ्या आर्मेनियनाबद्दल मात्र नव्हती. तिथं तो चिक्कू, खोटारडा, आपल्याच लोकांत राहणारा आणि बघता बघता जमिनी बळकावणारा ठरला. स्थानिकांनी त्यांना ‘फ्रेझ्नो इंडियन’ असं हिणवायला सुरुवात केली. बेदाणा उत्पादकांचा मोठा संघ १९१२ मध्ये उभा राहिल्यावर तणाव आणखी वाढला. संघाच्या करारावर सही न करणाऱ्या शेतकऱ्यांना रात्री टोळक्यांनी येऊन धमकावण्याचे प्रकार झाले, आणि या दहशतीची झळ आर्मेनियन व जपानी शेतकऱ्यांना विशेष बसली. आपला माल आपल्या मर्जीनं विकायचा, हा कुठल्याही शेतकऱ्याचा व्यवहार. आर्मेनियनानं तो केला की तो त्याच्या जातीचा स्वार्थ म्हटला गेला. शहरातल्या चांगल्या वस्त्यांच्या खरेदीखतांत तर लेखी अटच असे: हे घर निग्रो, चिनी, जपानी, हिंदू, आर्मेनियन, आशियाई किंवा तुर्की साम्राज्यात जन्मलेल्या कोणालाही राहायला देता येणार नाही. त्या यादीत आर्मेनियनांच्या बरोबरीनं हिंदूही आहेत, आणि तेव्हाच्या अमेरिकेत हिंदू म्हणजे हिंदुस्थानातून आलेला कोणीही. हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही.

याच फ्रेझ्नोत स्टॅनफर्डचा एक तरुण समाजशास्त्रज्ञ, रिचर्ड लापियर, आपल्या प्रबंधासाठी गेला. १९३० साली पूर्ण झालेल्या त्या कामाची पद्धत साधी होती आणि अजूनही तिला तोड नाही. त्यानं आधी बिगर-आर्मेनियन रहिवाशांना विचारलं, की तुम्हाला हे लोक का आवडत नाहीत? उत्तरं ठरावीक आली. हे लोक व्यवहारात अप्रामाणिक आहेत, सरकारी आणि धर्मादाय मदतीवर जगतात, ऊठसूट कोर्टकचेऱ्या करतात. मग लापियरनं एकेक आरोप घेऊन त्याची नोंद कुठं सापडेल ते शोधलं. प्रामाणिकपणा पाहायचा तर व्यापाऱ्यांच्या संघाकडं उधारी फेडण्याबद्दलची नोंद होती; त्यात आर्मेनियनांची पत इतरांच्या तोडीची निघाली. मदत मागणाऱ्यांत त्यांचं प्रमाण कमी होतं. न्यायालयाच्या दप्तरातही ते लोकसंख्येच्या मानानं कमीच आढळले. एकही आरोप टिकला नाही. पुढं १९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या अभ्यासाचा दाखला दिला आणि तो समाजमानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला. लापियरचा स्वतःचा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो: माणसं नावडतेपणाची जी कारणं सांगतात ती बहुधा नंतर जुळवलेली असतात. आधी अढी बसते, मग तिला शोभतील असे पुरावे आठवू लागतात. एका आर्मेनियन दुकानदारानं फसवलं तर ते लक्षात राहतं. दहा जणांनी वेळेवर पैसे फेडले तर त्याची गोष्ट होत नाही.

आता या दोन नोंदी जवळ आणून पाहा. १९३० मध्ये आर्मेनियनांची पत तपासली गेली आणि ती चांगली निघाली. सुमारे ९० वर्षांनंतर त्याच राज्यात, त्याच समाजाची पत त्यांच्या व्यवहारावरून न पाहता आडनावावरून ठरवली गेली. मधल्या काळात लोक बदलले होते, देश बदलला होता, व्यवसाय बदलले होते. पतीबद्दलचा हा एक आरोप मात्र तोच राहिला.

लापियरच्या अभ्यासाच्या आधीच आणखी एक लढाई न्यायालयात झाली होती, आणि तिचा धागा थेट हिंदुस्थानाशी जुळतो. तेव्हाच्या कायद्यानुसार अमेरिकेचं नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांना मिळू शके, आणि कॅलिफोर्नियात १९१३ पासून नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नसे. त्यामुळं आर्मेनियन गोरे की आशियाई, हा प्रश्न जगण्यामरण्याचा होता. १९०९ मध्ये बोस्टनच्या न्यायालयानं चार आर्मेनियनांना गोरे ठरवलं. पण १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड या शीख तरुणाच्या खटल्यात असा निकाल दिला, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजत नाही तो गोरा नाही. या निकालाच्या बळावर सरकारनं पोर्टलंडचे गालिच्यांचे व्यापारी टॅटोस कार्टोझियन यांचं नागरिकत्व रद्द करण्यासाठी दावा लावला. आर्मेनियन समाजानं पैसा उभा केला आणि फ्रान्झ बोआस यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञाची साक्ष मिळवली. आर्मेनियन अमेरिकेत कसे मिसळून गेले आहेत, त्यांची लग्नं कोणाशी होतात, याचेही पुरावे मांडले गेले. १९२५ मध्ये निकाल कार्टोझियन यांच्या बाजूनं लागला. थिंड हरले, कार्टोझियन जिंकले. दोघांच्याही बाजूनं वंशशास्त्राचे दाखले दिले गेले होते. फरक पडला तो न्यायाधीशांच्या कल्पनेतला ‘सामान्य माणूस’ कोणाला आपल्यात घ्यायला तयार आहे, यावरून. थिंडच्या निकालानंतर अनेक हिंदी लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं; सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णोदास बगाई यांनी त्या धक्क्यातून १९२८ मध्ये आत्महत्या केली. आर्मेनियन बचावले, पण कोर्टात गोरे ठरूनही फ्रेझ्नोच्या खरेदीखतांतलं त्यांचं नाव खोडलं गेलं नाही. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही असं ठरवेपर्यंत त्या कायम राहिल्या. कायदा माणसाला गोरा ठरवू शकतो; शेजाऱ्याच्या नजरेत तो गोरा होईलच असं नाही.

१९६५ मध्ये स्थलांतराचे नियम सैल झाले आणि आर्मेनियनांची दुसरी मोठी लाट आली. लेबनॉनचं यादवी युद्ध, १९७९ ची इराणी क्रांती, सोव्हिएत संघातून बाहेर पडण्याची मिळालेली मुभा, आर्मेनियातला १९८८ चा भूकंप, १९९१ नंतरची आर्थिक वाताहत: प्रत्येक संकटानं वेगळे आर्मेनियन आणले. ग्लेन्डेलच्या सुमारे दोन लाख वस्तीत आज तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आर्मेनियन आहेत. बाहेरून एकसंध वाटणाऱ्या या समाजात तेहरानचे, बैरूतचे आणि येरेवानचे लोक एकमेकांना नावं ठेवतात. इराणहून आलेले सुखवस्तू, सोव्हिएत भागातून आलेले सरकारी मदतीला चटावलेले, हे वर्गीकरण आर्मेनियनांच्या घरातच ऐकू येतं. आधी आलेले नंतर आलेल्यांमुळं आपलं नाव खराब झालं असं म्हणतात, आणि असं म्हणताना यजमानांचा आरोपच उचलून पुढं सरकवतात. ग्लेन्डेल स्वतः काही उदार शहर नव्हतं. कृष्णवर्णीयांना सूर्यास्तानंतर तिथं थांबू न देणारं शहर अशी त्याची ख्याती होती आणि २०२० मध्ये नगर परिषदेनं ठराव करून त्या इतिहासाची माफी मागितली. अशा गावात आधी लॅटिनो आणि मग आर्मेनियन आले. शाळांची मैदानं, भाड्याची घरं, किरकोळ नोकऱ्या यांच्यावरून दोन नवख्या समाजांत ठिणग्या उडाल्या. मे २००० मध्ये हूवर हायस्कूलबाहेर झालेल्या मारामारीत एका १७ वर्षांच्या लॅटिनो विद्यार्थ्याचा भोसकून खून झाला, तेव्हा दोन्ही समाजांत जे साचलं होतं ते उघड्यावर आलं.

इथं बँकेच्या खुलाशातला आक्षेप सरळ अंगावर घ्यायला हवा. आर्मेनियन गुन्हेगारी टोळ्या काल्पनिक आहेत का? नाहीत. ऑक्टोबर २०१० मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांनी आर्मेनियन सूत्रधार असलेली एक टोळी पकडली. अस्तित्वात नसलेल्या ११८ दवाखान्यांच्या नावानं तिनं वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याकडं कोट्यवधी डॉलरची बिलं लावली होती. ७३ जणांवर आरोप ठेवले गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘आर्मेनियन पॉवर’ या टोळीवर धाडी पडल्या आणि शंभरावर लोकांवर गुन्हे दाखल झाले. हे खरं आहे आणि कोणीही ते झाकू नये. पण लॉस एंजेलिस परिसरात आर्मेनियन वंशाचे दीड लाखाहून अधिक लोक राहतात. फसवणूक करणाऱ्या एखाद्या टोळीतल्या सगळ्यांची आडनावं ‘यान’वर संपत असतील, असं घटकाभर धरून चालू. त्यावरून ‘यान’ आडनावाचा माणूस फसवणारा असतो हे निघत नाही. तशा आडनावाच्या हजारांत एखादाच तसा निघेल. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारणं ही साधी हिशेबातली चूक आहे, आणि बँकेला तर हिशेब कळायला हवा. अर्जदाराचं उत्पन्न, परतफेडीचा इतिहास, कागदपत्रांचा खरेपणा, सगळं बँकेसमोर होतं. ते बाजूला ठेवून आडनाव पाहिलं गेलं. याला सावधगिरी म्हणता येणार नाही, कारण खरा भामटा बनावट नावानं अर्ज करतो. जाळ्यात सापडतो तो स्वतःच्या बापाचं नाव लावणारा प्रामाणिक माणूस. मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून घर भाड्यानं द्यायचं की नाही हे ठरताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

दुसरा आक्षेप यशाचा. जॉर्ज ड्यूकमेजियन १९८३ ते १९९१ कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते, लेखक विल्यम सारोयान यांना १९४० मध्ये पुलित्झर जाहीर झालं (त्यांनी ते नाकारलं), कार्दाशियन कुटुंबाची मालिका २००७ पासून घराघरात पोचली. अशा समाजाला पूर्वग्रहाचा त्रास तो काय? पण यशामुळं पूर्वग्रह संपत नाही, त्याचा साचा बदलतो. समाजशास्त्रज्ञ एडना बोनासिच यांनी १९७३ मध्ये मध्यस्थ व्यापारी अल्पसंख्याकांबद्दल जो सिद्धान्त मांडला तो इथं उपयोगी पडतो: दुकानदारी आणि दलाली करणारा, आपल्या नात्यागोत्यावर विसंबणारा समाज वरच्यांना उपरा वाटतो आणि खालच्यांना शोषक. गरीब आर्मेनियन भिकारी होता, श्रीमंत आर्मेनियन लबाड झाला. शेजाऱ्यांशी न मिसळणारा म्हणून एकलकोंडा, राजकारणात उतरला की टोळीबाज. पोलिसी मालिकांना तर आर्मेनियन गुंड आयताच मिळाला. ‘द शील्ड’मध्ये आर्मेनियन माफियाचा पैसा लुटण्यावर कथानकाचा मोठा भाग उभा आहे. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिस नगर परिषदेच्या अध्यक्षा न्यूरी मार्टिनेझ यांचं गुप्तपणे ध्वनिमुद्रित झालेलं संभाषण बाहेर आलं, तेव्हा त्यात कृष्णवर्णीय आणि ओआहाकाच्या मूलनिवासींबरोबर एका आर्मेनियन माणसाच्या भुवयांचीही टवाळी होती. तो सगळा संवाद मतदारसंघांच्या सीमा कशा आखाव्यात यावर चालला होता. चढाओढ मतांची, म्हणून शेरा चेहऱ्यावर. मार्टिनेझ यांना पद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी आलेले पॉल क्रेकोरियन हे त्या परिषदेचे पहिले आर्मेनियन अध्यक्ष ठरले. एवढ्यानं त्या संभाषणात दिसलेली मनोवृत्ती पुसली गेली असं मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप आर्मेनियनांच्या स्वतःच्या वागण्याबद्दलचा आहे आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणा ठरेल. १९७३ मध्ये सान्ता बार्बरात एका वृद्ध आर्मेनियनानं दोन तुर्की मुत्सद्द्यांना ठार मारलं. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसमधले तुर्की महावाणिज्यदूत केमाल आरिकान यांचा आर्मेनियन अतिरेक्यांनी खून केला. नोव्हेंबर २०२० मध्ये, आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात काराबाखचं युद्ध पेटलेलं असताना, बेव्हर्ली हिल्समधल्या एका तुर्की कुटुंबाच्या उपाहारगृहावर आर्मेनियन तरुणांनी हल्ला केला. संहाराची जखम खरी आहे. तुर्कस्तान तो अजून नाकारतो आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला वंशसंहार म्हणून औपचारिक मान्यता द्यायला २०२१ साल उजाडलं. पण खानावळ चालवणाऱ्या तुर्काला १९१५ चा जाब विचारणं ही त्या बँकेचीच चूक आहे: एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला त्याच्या जन्मावरून पकडणं. आर्मेनियनांना न्याय मागायचा असेल तर तो याच तत्त्वावर मागता येतो, आणि म्हणून त्यांच्यातल्यांनाही तेच तत्त्व लागू होतं. उलट दिशेनंही २०२० मध्येच घडलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या आर्मेनियन शाळेच्या भिंती द्वेषाच्या मजकुरानं रंगवल्या गेल्या आणि काही आठवड्यांत तिथल्या आर्मेनियन चर्चच्या इमारतीला आग लावण्यात आली.

कॅलिफोर्नियाबाहेर पाहिलं की प्रतिमेचं मूळ यजमानांत असतं हे आणखी स्पष्ट होतं. रशियात आर्मेनियन हा कॉकेशसमधून आलेला काळ्या केसांचा बाजारवाला, पोलिसांनी कागदपत्रं मागण्याजोगा. तुर्कस्तानात तर ‘आर्मेनियन’ ही शिवी आहे. २०१४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी दूरचित्रवाणीवर, माफ करा पण मला आर्मेनियनसुद्धा म्हटलं गेलं, अशा आशयाची तक्रार केली. त्याआधी २०१० मध्ये त्यांनी तिथं घरकाम करून जगणाऱ्या एक लाख विनापरवाना आर्मेनियनांना हाकलण्याची भाषा केली होती, तेव्हा अभ्यासकांचे अंदाज त्याहून कितीतरी कमी होते. आर्मेनियन वंशाचे संपादक ह्रांट डिंक यांची २००७ मध्ये इस्तंबूलमध्ये भर रस्त्यात हत्या झाली होती. आणि आपल्याकडं? सुरत, आग्रा, कोलकाता, मद्रास इथं आर्मेनियन व्यापारी इंग्रजांच्या आधीपासून किंवा त्यांच्या बरोबरीनं होते. १६८८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांच्याशी करार केला, १७९४ मध्ये जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक मद्रासेत निघालं, मुंबईच्या फोर्टात मेडोज स्ट्रीटला १७९६ मध्ये त्यांचं चर्च उभं राहिलं. तीच भाषा, तोच धर्म, तीच ‘यान’ आडनावं, तोच व्यापारी स्वभाव. तरीही इथं आर्मेनियनांबद्दल लोकांत ना म्हण रूढ झाली ना शिवी. ते थोडे होते, त्यांची चढाओढ कंपनीच्या अधिकाऱ्यांशी आणि मोठ्या सावकारांशी होती, सामान्य माणसाच्या घराशी, शेताशी किंवा मताशी नव्हती. स्वभावदोष रक्तात असता तर तो इथंही दिसला असता.

राहतो तो मोजणीचा प्रश्न, आणि माझ्या मते आज तोच सर्वांत निकडीचा आहे. कार्टोझियन खटल्यानं आर्मेनियनांना गोरे केलं, आणि त्यामुळं सरकारी दप्तरांत ते दिसेनासे झाले. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या अर्जात वंश विचारता येत नाही. गृहकर्जाच्या अर्जात विचारतात, पण तिथं आर्मेनियन फक्त ‘गोरा’. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा नवा वर्ग ठरवला. त्याच्या उदाहरणांत लेबनीज, इराणी, सीरियन, इजिप्शियन, इराकी, इस्रायली आहेत, आर्मेनियन नाहीत. बैरूतहून आलेल्या आर्मेनियनानं कोणत्या चौकटीत खूण करायची? काही आर्मेनियनच म्हणतात, की याद्यांनी आमचा घात केला. एप्रिल १९१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आमची जाणती माणसं यादीवरूनच उचलली गेली, तेव्हा वेगळी नोंद नकोच. ही भीती समजण्यासारखी आहे. पण यादी टळत नाही. ग्लेन्डेलच्या अर्जदारांची यादी बँकेनं कोणालाही न विचारता, आडनावांवरून, बंद दाराआड केलीच होती. तिची तपासणी सहा वर्षं कोणी करू शकलं नाही, कारण ताडून पाहायला उघडी नोंद नव्हती. लापियरला १९३० मध्ये फ्रेझ्नोतले आरोप खोटे पाडता आले ते त्याला वेगळ्या नोंदी काढता आल्या म्हणून. नव्या वर्गवारीत आर्मेनियनांचं नाव स्पष्टपणे यावं, आणि कर्ज, शाळा व पोलीस यांच्या आकडेवारीत ते वेगळे मोजले जावेत, ही मागणी आर्मेनियन संघटनांनी लावून धरावी. २०३० च्या जनगणनेच्या आत हा बदल होऊ शकतो.